आमची वाटचाल : टेम्पोच्या मागचा नंबर

घरं हलवण्याच्या या धंद्यात आम्हाला 19 वर्षं झाली. मुलगी दोन वर्षांपासून मागे लागली आहे, "बाबा, फर्मची माहिती नीट लिहून टाका, लोक वाचतात." तिला त्यात 'ध्येय' आणि 'दृष्टिकोन' असे रकाने हवे होते. ते मला जमणार नाही. जे घडलं ते लिहितो, बाकी तिने बघावं.

सुरुवात दोघांनी केली. मी आणि माझा भागीदार. त्याला सगळे दादा म्हणायचे, मीसुद्धा. टेम्पो त्याचा, गाळा माझा. भांडवल म्हणाल तर 2 ढकलगाड्या, 6 जुनी घोंगडी, एक ताडपत्री, दोराची 3 वेटोळी आणि एक लोखंडी पेटी. पेटीत पाने, पेचकस, एक साधी हातोडी, एक रबरी हातोडी आणि मेणबत्तीचा तुकडा. लाकडात स्क्रू फिरेना की आट्यांवर मेण घासायचं. ती पेटी आजही माझ्याकडे आहे. वाटणीत ती माझ्याकडे राहिली, ते पुढे येईलच.

दादाबद्दल मला जे वाटतं ते वाटतं, पण दोराच्या बाबतीत त्याच्यासारखा माणूस मी पाहिला नाही. दोराच्या मध्यात फास घ्यायचा, टोक खालच्या कडीतून काढून त्या फासातून परत खाली ओढायचं, आणि मग पाय टेकवून ताण द्यायचा. ही गाठ सगळ्यांनाच येते. पण दादा ताण दिल्यावर दोर बोटाने तारेसारखा छेडायचा आणि कान द्यायचा. आवाज बद्द आला की सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून. पोरं वैतागायची. मीही वैतागायचो.

गाडी भरायची ती उतरवण्याच्या हिशेबाने, हेही त्याचंच. फ्रिज, वॉशिंग मशीन, पुस्तकांची खोकी केबिनच्या पाठीला लावून, जड ते खाली. गाद्या बाजूंना उभ्या. काच आणि टीव्ही कधीच आडवे नाहीत, उभेच, दोन गाद्यांच्या मधे. आणि पलंगाच्या फळ्या सगळ्यात शेवटी, नट-बोल्टच्या पिशवीसकट. कारण नव्या घरात रात्री माणसाला पहिल्यांदा पाठ टेकायला जागा लागते, शोकेस नाही.

तिसऱ्या वर्षी बाईंचा फोन आला. गणिताच्या शिक्षिका होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. दर विचारला नाही, तारीख विचारली नाही. म्हणाल्या, "तुमच्या गाडीची आतली मापं सांगा."

मी म्हणालो, "14 फुटी आहे."

"ती लांबी झाली. रुंदी? उंची?"

मला येत नव्हती. जी मोठी गाडी रोज भरत होतो तिची उंची मला ठाऊक नव्हती. खाली जाऊन मोजली. 6 आणि 6. बाईंनी फोनवरच गुणाकार केला, 504 घनफूट. "माझं सामान 430 च्या आसपास भरतंय. फटी धरून एका फेरीत व्हायला हवं." एका फेरीतच झालं.

त्यांच्या घरी गेलो तर टेबलावर हिरवा आलेख कागद पसरलेला. नव्या घराचा नकाशा, 1 सेंटिमीटरला 1 फूट. त्यावर औषधाच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यातून कापलेले तुकडे : पलंग, कपाट, टेबल, शिलाई मशीन. प्रत्येक दार कुठपर्यंत उघडतं त्याचा कंस काढलेला, विजेच्या प्लगांना लाल ठिपके. कपाटाचा तुकडा एका कंसात जरासा शिरत होता. बाईंनी तो बोटाने दोन चौकटी सरकवला आणि म्हणाल्या, "हे आज सरकवायला एक बोट लागलं. परवा चार माणसं लागतील."

मग त्यांनी त्या कपाटाचाच प्रश्न घातला. कपाट 7 फूट उंच, 2 फूट खोल. जिथे ठेवायचं तिथे वर तुळई, तिच्याखाली 7 फूट 2 इंच. दादा म्हणाला, "दोन इंच शिल्लक आहेत, बसतंय." बाई म्हणाल्या, "उभं असेल तर बसेल. पण तुम्ही ते आडवं आणणार आणि तिथे उभं करणार. करताना कोपरा कुठवर जाईल?" कर्ण काढला. साडेतीन इंच वर, म्हणजे 7 फूट साडेतीन इंच. तुळईला धडकणार. तेव्हा खोलीच्या मोकळ्या भागात उभं करायचं, पायांखाली घोंगडं घालून सरकवत तुळईखाली न्यायचं. आम्ही तसंच केलं. तोवर आम्ही किती कपाटांचे कोपरे आणि किती छतांचा गिलावा खाल्ला असेल, ते आठवून मला त्या रात्री झोप आली नाही.

त्यांची वही वेगळीच. प्रत्येक खोक्यावर आकडा, तोही वर नाही, दोन बाजूंना. खोकी एकावर एक रचली की वरचं कुणाला दिसतं? वहीत आकड्यासमोर खोली आणि आतलं सामान. दाराशी त्या वही घेऊन उभ्या राहिल्या, "37, मागची खोली, खिडकीखाली." 61 खोकी होती. एकही दोनदा उचलावं लागलं नाही.

परतताना दादा हसत होता. "आपण हमाली करतो रे, इंजिनियरी नाही." मी मात्र दुसऱ्या दिवशी तशीच वही आणली. आज आमच्या प्रत्येक कामाला जी छापील वही जाते, तिचं मूळ तिथे आहे. दुसरे जे आता तशाच वह्या वापरतात त्यांना हे माहीत असावं म्हणून सांगितलं.

पुढची काही वर्षं बरी गेली.

आठव्या वर्षी बिनसलं. दादाला दिवसाला दोन घरं करायची होती. सकाळी एक, दुपारनंतर एक. सामान नव्या घराच्या मधल्या खोलीत उतरवायचं, पावतीवर सही घ्यायची, निघायचं. मी म्हणायचो, निदान पलंग जोडून देऊ, कपाट जागेवर लावू, फ्रिज उभा करून देऊ. तो म्हणायचा, त्याचे पैसे कोण देतं? हिशेबाने त्याचंही चूक नव्हतं. पण ज्यांच्या घरात नुसतं सामान टाकून आलो त्या माणसांचे चेहरे मी बघितलेत. चारी बाजूंनी खोकी, मधे उभी राहिलेली बाई, कडेवर पोर, आणि चादर कुठल्या खोक्यात आहे ते कुणालाच माहीत नाही.

एका सोमवारी गाळ्यावर आलो तर 7 पैकी 5 पोरं नाहीत. मोठी गाडीही नाही. ती दोघांच्या पैशांतून घेतली होती, कागद त्याच्या नावावर. चांगली ताडपत्री नाही. आणि फोन. आमचा नंबर सुरुवातीपासून त्याच्या घरच्या जोडणीचा होता, आठ वर्षं तोच छापला, खोक्यांवर, पावत्यांवर, टेम्पोच्या मागे. जुना टेम्पो तेवढा त्याने सोडला, उपकार केल्यासारखा. आमच्याच नावाला एक शब्द जोडून त्याने पलीकडच्या रस्त्यावर पाटी लावली. जुनं गिऱ्हाईक फोन करायचं, तिकडून उत्तर, "हो हो, तेच आम्ही." दर आमच्याहून कमी सांगायचा. सामान चढलं, दोर आवळला, की मग जिने मोजायचे, वळणं मोजायची, 'यादीत नव्हतं' म्हणून जादा लावायचं. गाडीत संसार भरलेला माणूस काय भांडणार? लोक शिव्या द्यायचे ते मात्र आमचं नाव घेऊन. एकजण गाळ्यावर येऊन मला ओरडून गेला. मी पाणी दिलं, ऐकून घेतलं. सांगून त्याला पटलं नसतं.

त्यानंतर दोन महिन्यांत ते काम आलं. भाड्याची गाडी, नवी पोरं, आणि उरलेली ताडपत्री, घडीवर चिरलेली. दोर मी बांधला. छेडून पाहिला, आवाज बद्द होता, पण आभाळ भरून आलं होतं आणि घाई होती. वाटेत पाऊस लागला. 22 खोकी पुस्तकांची, तीही तीन पदरी, म्हणजे पातळ, पुठ्ठ्यात. पुठ्ठ्याचा जोर त्याच्या कोपऱ्यांत असतो, आणि ओला झाला की तो जोर संपतो. खालची खोकी बसली, वरची काचेची भांडी त्यांच्यावर आली. गाडी उघडली तेव्हा आतून पाणी नाही, लगदा गळत होता.

विमा होता. विमावाल्यांनी यादी मागितली, वस्तू आणि किंमत. यादी नव्हती. मी, ज्याने वह्या छापून घेतल्या, त्याने त्या कामाला वही केली नव्हती, कारण दोनच पोरं हाताशी होती आणि मी स्वतः खोकी बांधत होतो. नुकसान खिशातून भरलं. स्कूटर विकली, बायकोची ठेव मोडली. तिने एका शब्दाने विचारलं नाही, ते जास्त लागलं. पुढच्या सहा महिन्यांत चार कामं आली. गाळा सोडायचं ठरवलं होतं, मालकाला तोंडी सांगूनही झालं होतं.

आणि एक दिवस बाई गाळ्याच्या दारात. हातात आलेख कागदाची गुंडाळी.

त्यांनी आधी जुन्या नंबरवर फोन केला होता. नेहमीचाच प्रश्न विचारला, गाडीची आतली मापं सांगा. उचलणाऱ्या पोराने सांगितलं, "सगळं बसेल हो मावशी, तुम्ही टेन्शन घेऊ नका." त्यांनी फोन ठेवला आणि पत्ता आठवून चालत आल्या. मी काही न विचारता म्हणालो, "10 लांब, 5 रुंद, साडेपाच उंच. 275. दोन फेऱ्या होतील." तेव्हा माझ्याकडे जुना छोटा टेम्पोच होता. म्हणाल्या, "होऊ देत की."

त्यांनी शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांना सांगितलं, त्यांनी आणखी कुणाला. त्या हंगामात 11 घरं हलवली. बाईंची घरं आजवर एकूण पाच. दर वेळी शिलाई मशीन मी स्वतः उतरवतो. पायाचं, जुनं, ओतीव लोखंडाचं. पट्टा चाकावरून काढायचा, मागच्या बिजागरीचे दोन स्क्रू सैल करायचे, डोकं उचलून वेगळं गुंडाळायचं. डोक्यासकट उचललंत तर ते मधेच उलटतं आणि बोटं खालीच असतात. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख अजून नीट वाढत नाही.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो, कुणी विचारलं नसलं तरी. खोकी आणायच्या आधी नव्या घरात मोजपट्टी घेऊन जा. दारं, जिन्याचं वळण, लिफ्टची आतली उंची. सोफा घरात बसतो की नाही हे सगळे बघतात, घरात शिरतो की नाही हे कुणी बघत नाही. पुस्तकं लहान खोक्यात, 12 इंचीच. 18 इंची खोकं पुस्तकांनी भरलंत तर ते 50 किलोच्या वर जातं, आणि मग माझी पोरं तुमच्याकडे ज्या नजरेने बघतात त्याला मी जबाबदार नाही. ताटल्या उभ्या रचा, आडव्या नाही. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून पुसून ठेवा, आणि वाटेत आडवा झाला असेल तर नव्या घरात काही तास उभा राहू द्या. कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत गेलेलं असतं, ते परत खाली यावं लागतं. समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनसोबत मागे लावायचे बोल्ट आलेले असतात, ते लोक पहिल्याच दिवशी फेकतात. ड्रम आत स्प्रिंगवर लोंबकळत असतो हो. बोल्टाशिवाय नेलंत तर तो वाटभर आपटत जातो.

आणि भुशाच्या फळीचं फर्निचर. त्यावर मी वेगळं लिहू शकेन. तो स्क्रू एकदा घट्ट बसतो, दुसऱ्यांदा बसल्यासारखं करतो, तिसऱ्यांदा भोकातून गळतो. भोकात गोंद लावून आगकाडीचे तुकडे ठोका, वाळू द्या, मग स्क्रू. प्रत्येक वस्तूचे स्क्रू एका पिशवीत आणि पिशवी त्याच वस्तूला चिकटपट्टीने. 'सगळे स्क्रू एका डब्यात' असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला मी नम्रपणे डबा परत देतो.

नव्या घरात पहिल्या रात्री पलंग जोडा, न्हाणीघर लावा आणि एक पिशवी उघडा, ज्यात चादरी, औषधं, चार्जर, कागदपत्रं आहेत. ती पिशवी गाडीत देऊ नका, हातात न्या. भिंतीला भोकं पहिल्या आठवड्यात पाडू नका. उजेड कुठून येतो, दार कुणाच्या अंगावर उघडतं, रात्री पाणी प्यायला उठलं की पाय कशाला लागतो, हे राहिल्याशिवाय कळत नाही. बाईसुद्धा नकाशा करून तुकडे हलवायच्याच, महिनाभर.

आज आमच्याकडे 3 गाड्या आणि 14 माणसं आहेत. ताडपत्र्या दर पावसाळ्याआधी पाणी ओतून तपासतो. दोर अजून मी स्वतः छेडून बघतो, आणि ते करताना कुणाची आठवण येते ते मी घरीसुद्धा बोलत नाही.

बाई गेल्या वर्षी एका खोलीच्या घरात गेल्या. कपाटाचा तुकडा त्या कागदावर कसाही फिरवला तरी बसेना. त्यांनी तो बाजूला काढून माझ्या हातात दिला, "हा आता तू ठेव." कपाट त्यांच्या भाचीकडे पोहोचवलं. मशीन खिडकीशी लावलं, लाल ठिपक्याच्या जवळ, कारण त्यांना दिवा लागतो.

जुना टेम्पो आम्ही काढलेला नाही, जवळच्या कामांना चालतो. मागचा नंबर मी तेव्हाच रंगवून टाकला होता. पण उन्हाने वरचा रंग फिका पडतो आणि पाऊस पडला की खालचे आकडे वर दिसतात. मागच्याच महिन्यात एका माणसाने सिग्नलला तो वाचला, फोन लावला आणि गिऱ्हाईक पलीकडच्या रस्त्यावर गेलं. दोनदा रंग दिलाय. या वेळी पत्राच बदलायला टाकलाय.