घरच्या घरी कोविड चाचणी : रेडिंगमधल्या एका शाळकरी घराचा अनुभव

इंग्लंडमधल्या शाळा ८ मार्च २०२१ रोजी सर्व विद्यार्थ्यांसाठी पुन्हा उघडल्या आणि त्याबरोबरच, ज्या घरांत शाळेत जाणारी मुले आहेत अशा आमच्यासारख्या घरांना एक नवे काम लागले. माध्यमिक शाळेतल्या मुलांनी आणि सर्व शाळकरी मुलांच्या घरांतल्या मोठ्या माणसांनी, कोणतीही लक्षणे नसताना, आठवड्यातून दोनदा घरीच कोविडची चाचणी करावी, असे सरकारने सांगितले. सक्ती नव्हती आणि किट फुकट मिळत होते. मुलगा तेव्हा माध्यमिक शाळेच्या दुसऱ्या वर्षात होता आणि मुलगी प्राथमिक शाळेत. प्राथमिकच्या मुलांना चाचणी करायला सांगितलेले नव्हते, त्यामुळे घरात ती एकटी सुटली होती आणि या सुटकेचा तिला फार अभिमान होता.

चाचणीची पद्धत आम्हांला शिकवली ती मुलानेच. शाळा उघडताच माध्यमिकच्या मुलांच्या पहिल्या तीन चाचण्या, काही दिवसांच्या अंतराने, शाळेतच देखरेखीखाली होणार होत्या आणि त्यानंतर त्यांना घरी करायचे किट दिले जाणार होते. आम्हां दोघांसाठी मात्र किट स्वतंत्रपणे मिळवावे लागले. एक मार्ग सरकारी संकेतस्थळावर मागणी नोंदवून ते टपालाने मागवण्याचा होता, दुसरा दुपारनंतर जवळच्या चाचणी केंद्रावर जाऊन घेऊन येण्याचा. केंद्रावर विशेष चौकशी होत नसे. एप्रिलमध्ये ही सोय सर्वांसाठी खुली झाली, औषधांच्या दुकानांतही खोकी मिळू लागली आणि तो प्रश्न तेवढ्यावर मिटला. एका खोक्यात सात चाचण्या असत.

चाचणीचे दिवस आम्ही रविवार आणि बुधवार ठरवले. दोन चाचण्यांमध्ये तीन-चार दिवसांचे अंतर असावे, अशी सूचना होती आणि रविवारी संध्याकाळी निकाल कळला तर सोमवारी शाळेत जायचे की नाही हे वेळेत ठरवता येई. आधी अर्धा तास काही खायचे-प्यायचे नसल्यामुळे हा कार्यक्रम जेवणापूर्वीच उरकावा लागे; कुकरची शिटी होऊन वरणभात तयार असला तरी ताटे मांडता येत नसत. टेबल पुसायचे, हात धुवायचे, नाक शिंकरून घ्यायचे आणि मग पाकीट फोडायचे. नळी उभी राहण्यासाठी मी स्टीलची छोटी वाटी वेगळी काढून ठेवली होती. नळीत द्रावणाचे सहा थेंब टाकायचे, मग आरशासमोर आ वासून नमुना घ्यायची काडी दोन्ही टॉन्सिलवर प्रत्येकी चार वेळा घासायची, तीही जिभेला, दातांना किंवा गालाच्या आतल्या बाजूला लागू न देता. आणि तीच काडी पुढे एका नाकपुडीत साधारण अडीच सेंटिमीटर आत घालून दहा वेळा फिरवायची. घशाचा भाग खरोखर त्रासाचा होता. मुलाला दर वेळी उमासा येई, डोळ्यांत पाणी येई आणि त्याच्या लाडक्या बहिणीला हसू येई. बारा ते सतरा वयाच्या मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली स्वतः काडी फिरवायची आणि त्याहून लहान मुलांची चाचणी मोठ्यांनी करायची, असा नियम होता. आमच्या मुलाने नुकतीच बारा वर्षे पूर्ण केली होती आणि ते मला फार सोयीचे झाले, कारण दुसऱ्याच्या घशात काडी घालण्यापेक्षा स्वतःच्या घशात घालणे कितीतरी सोपे असते.

यानंतर काडी नळीत बुडवून, नळीच्या भिंती बाहेरून दाबत फिरवायची, दाबून पिळून बाहेर काढायची, टोपण लावायचे आणि पट्टीवरच्या खाचेत दोन थेंब टाकायचे. त्या किटचा निकाल बरोबर तीस मिनिटांनी वाचायचा होता; आधी वाचला तर एखादी रेष उमटायची राहून जाई आणि उशिरा वाचला तर नसलेली रेष दिसू शके. घड्याळ लावण्याचे काम आमच्या मुलीने आपणहून घेतले आणि ते तिने रेल्वेच्या स्टेशनमास्तरच्या तोऱ्यात केले. ‘सी’ या अक्षरापुढे रेष आली नाही तर चाचणीच बाद, फक्त ‘सी’पुढे आली तर निगेटिव्ह आणि ‘सी’ व ‘टी’ दोन्हींपुढे आली तर पॉझिटिव्ह. दुसरी रेष कितीही पुसट असली तरी ती पॉझिटिव्हच धरायची, हे पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले होते.

प्रत्येक निकाल, मग तो निगेटिव्ह का असेना, पट्टीवरचा क्यूआर कोड फोनने टिपून सरकारी संकेतस्थळावर नोंदवायचा होता आणि मुलाचा निकाल शाळेलाही वेगळा कळवायचा होता. काडीपेक्षा मला या नोंदणीचाच कंटाळा येई. नाव, जन्मतारीख, पत्ता, चाचणीचे कारण, सारे भरायचे आणि पुढच्या माणसासाठी पुन्हा पहिल्यापासून. आमच्या ओळखीच्या बहुतेक घरांत निगेटिव्ह निकाल कळवणे पहिल्या काही आठवड्यांतच बंद झाले.

एप्रिलच्या अखेरीस एका रविवारी मुलाच्या पट्टीवर ‘टी’पुढे दुसरी रेष आली. ती इतकी पुसट होती, की दिव्याखाली दिसे आणि खिडकीपाशी नेली की दिसेनाशी होई. त्याला ताप नव्हता, खोकला नव्हता, वास नीट येत होता. माझे पती म्हणाले, ही रेष नव्हेच. मुलगी म्हणाली, तीस मिनिटे आत्ताच झाली आहेत आणि रेष आहे. पुस्तिकेच्या शब्दाला धरून आम्ही निकाल पॉझिटिव्ह नोंदवला, शाळेला ईमेल केला आणि सगळे घर त्या क्षणापासून विलगीकरणात गेले. लक्षणे नसताना घरी आलेला पॉझिटिव्ह निकाल प्रयोगशाळेत होणाऱ्या, अधिक अचूक अशा पीसीआर चाचणीने पडताळून घ्यायचा होता आणि ती चाचणी दोन दिवसांच्या आत करून निगेटिव्ह आली तरच सर्वांची सुटका होणार होती. नाहीतर दहा दिवस घरात.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडीतून चाचणी केंद्रावर गेलो. गाडीतून उतरायचे नव्हते; कर्मचारी काचेपलीकडून खुणेने सूचना देत होते आणि किट खिडकीच्या फटीतून आत सरकवले गेले. मुलाने मागच्या सीटवर बसून सराईतपणे काडी फिरवली, कारण तोपर्यंत त्याचा हात बसलेला होता. मधल्या काळात त्याच्या वर्गातल्या, त्याच्या जवळपास बसणाऱ्या मुलांनाही शाळेने घरी थांबायला सांगितले होते. पालकांच्या गटात माझ्या नावाचा उल्लेख नव्हता, पण कोणाबद्दल बोलणे चालले आहे हे सर्वांना ठाऊक होते. एका आईने मला वेगळा संदेश पाठवला. लक्षणे नव्हती तर चाचणी मुळात केलीच कशाला, असा तिचा प्रश्न होता आणि त्यामागची चीड मला समजत होती, कारण तिला नोकरीवर प्रत्यक्ष हजर राहावे लागे. पुढच्या सकाळी फोनवर पीसीआरचा निकाल आला : निगेटिव्ह. शाळेने तो मान्य केला आणि सगळी मुले वर्गात परतली.

त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी या चाचणीचा हिशेब पहिल्यांदा नीट मांडून पाहिला. त्याच वर्षी मार्चमध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेनुसार (म्हणजे अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा) अशा अँटिजेन चाचण्या, म्हणजे विषाणूची प्रथिने शोधणाऱ्या घरच्यासारख्या झटपट चाचण्या, लक्षणे असलेल्या बाधितांपैकी सरासरी ७२ टक्के आणि लक्षणे नसलेल्यांपैकी सरासरी ५८ टक्के लोकांनाच हुडकून काढत होत्या. उलट बाजूने, बाधा नसताना पॉझिटिव्ह येण्याचे प्रमाण हजार चाचण्यांत एक किंवा त्याहून कमी होते. हे ऐकायला फार चांगले वाटते. पण एप्रिलअखेर इंग्लंडमध्ये बाधितांचे प्रमाणही साधारण हजारात एक इतकेच उरले होते. दहा हजार निरोगी दिसणाऱ्या लोकांनी चाचणी केली तर त्यांत दहाएक जण बाधित असणार, त्यांपैकी सहाएक सापडणार आणि बाधा नसलेल्यांपैकी जवळजवळ दहा जणांना विनाकारण दुसरी रेष दिसणार. म्हणजे त्या दिवसांत लक्षणांशिवाय आलेली दुसरी रेष खरी असण्याची शक्यता निम्म्याहूनही कमी होती. पीसीआरने पडताळणी करण्याचा नियम कागदी घोडे नाचवण्यासाठी नव्हता. तो या आकड्यांतून आलेला होता. हे सारे मी त्या आईला लिहून कळवले. तिचे समाधान झाले असे म्हणता येणार नाही, पण बोलणे सुरू राहिले.

उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी एक निराळाच प्रकार कानावर आला. पट्टीवर लिंबाचा किंवा संत्र्याचा रस टाकला की ‘टी’पुढे रेष उमटते, असे व्हिडिओ मुलांमध्ये फिरत होते आणि शाळा चुकवण्यासाठी काही जण तसे करतही होते. आमच्या चिरंजिवांनी ही माहिती जेवताना फारच सहजपणे सांगितली, म्हणून तेव्हापासून चाचणीच्या वेळी फळांची टोपली टेबलावरून हलवली जाऊ लागली. आम्ल रसामुळे पट्टीतल्या, विषाणूला धरून ठेवणाऱ्या प्रतिपिंडांचे (अँटिबॉडींचे) वागणे बिघडते आणि विषाणू नसतानाही रंग त्या रेषेवर चिकटतो, हे त्यामागचे कारण. पट्टीवर किटमधले द्रावणच टाकायचे असते ते याचसाठी, कारण त्यातले क्षार आम्लता योग्य मर्यादेत राखतात.

पुढे फक्त नाकातून नमुना घ्यायचे आणि पंधरा मिनिटांत निकाल देणारे किट आले आणि घशाचा जाच संपला. डिसेंबर २०२१ मध्ये विषाणूचा ओमिक्रॉन हा नवा प्रकार आला तेव्हा मात्र हेच किट मिळता मिळेना. संकेतस्थळावर ते संपल्याची सूचना दिसे आणि औषधांच्या दुकानांत हेलपाटे घालून नाकी नऊ आले. त्याच सुमारास, बाधिताच्या संपर्कात आलेल्या पाच वर्षांवरील मुलांनी सात दिवस रोज चाचणी करावी, असे सांगण्यात आल्यामुळे आमच्या स्टेशनमास्तरीणबाईंचीही सुटका संपली. वर्गातल्या तिच्या मैत्रिणीला कोविड झाला होता. जानेवारीत तिला साधी सर्दी झाली. सर्दी तेव्हाच्या अधिकृत लक्षणांत बसत नव्हती, ती लक्षणे ताप, नवा खोकला आणि वास किंवा चव जाणे एवढीच होती. पण त्या सकाळी पट्टीवर थेंब पडले आणि ‘सी’ची रेष पुरती उमटण्याआधीच ‘टी’ची जाड, गडद रेष पुढे आली. या वेळी खिडकीपाशी न्यायची गरज नव्हती.

आणि या वेळी पीसीआरचीही गरज नव्हती. ११ जानेवारी २०२२ पासून इंग्लंडमध्ये लक्षणांशिवाय आलेला घरचा पॉझिटिव्ह निकाल पडताळून पाहण्याची अट तात्पुरती उठवली गेली होती. चाचणीची जात तीच, फरक पडला होता तो साथीत. महिन्याच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये सुमारे पंधरा जणांत एक बाधित होता. वरचाच हिशेब पुन्हा मांडला तर दहा हजारांत सहाशेहून अधिक बाधित, त्यांतले चारशेच्या आसपास सापडणारे आणि खोट्या रेषा पुन्हा दहाएकच. अशा वेळी दुसरी रेष खरीच मानलेली बरी.

त्याच आठवड्यात पुण्याहून ताईचा फोन आला. तिच्या घरी सगळ्यांना ताप होता आणि तिने मायलॅबचे कोविसेल्फ किट आणले होते. पुण्याच्याच या कंपनीच्या किटला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मे २०२१ मध्ये मान्यता दिली होती आणि त्याची किंमत २५० रुपये होती. ताईची चाचणी निगेटिव्ह आली होती आणि आता भाच्यांना आजीकडे पाठवायला हरकत नाही ना, असे ती विचारत होती. मी तिला परिषदेची सूचना वाचायला सांगितली. ती इंग्लंडमधल्या आमच्या पहिल्या नियमाच्या नेमकी उलट होती. भारतात ही चाचणी लक्षणे असलेल्यांनी किंवा बाधिताच्या निकट संपर्कात आलेल्यांनीच करायची होती, सरसकट नव्हे. पॉझिटिव्ह आली तर ती खरी मानायची, पडताळणी नको. आणि लक्षणे असून निगेटिव्ह आली तर लगेच आरटीपीसीआर, म्हणजे आमच्याकडची पीसीआरच, करायची. आमच्याकडे २०२१ च्या वसंतात पॉझिटिव्ह निकालावर शंका घेतली जात होती, तिच्याकडे निगेटिव्हवर, आणि दोन्ही बरोबर होते, कारण ताप असलेल्या माणसाला साथीच्या ऐन भरात बाधा असण्याचीच शक्यता अधिक. ताईने आरटीपीसीआर करून घेतली. ती पॉझिटिव्ह आली आणि आजीकडची भेट पुढे गेली.

इंग्लंडमध्ये सर्वसामान्य शाळांतल्या मुलांना आठवड्यातून दोनदा चाचणी करण्याची सूचना फेब्रुवारी २०२२ मध्ये मागे घेतली गेली आणि १ एप्रिलपासून बहुतेकांसाठी फुकट किटही बंद झाले. डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज मुलांची चाचणी करू नये, ताप असेल तर घरी ठेवावे, आणि नुसती सर्दी किंवा किरकोळ खोकला असून मूल एरवी बरे असेल तर शाळेत पाठवावे, असे आता सांगितले जाते. मला हे पटते. मात्र सासूबाई भारतातून येऊन राहतात त्या दिवसांत मी दुकानातून दोन-तीन किट विकत आणून ठेवते आणि घरात कोणाला ताप किंवा खोकला आला तरच उघडते. दुसरी रेष आली तर पुढची चर्चा नाही. नाही आली, तरी मुलांना बरे वाटेपर्यंत आजीच्या खोलीत झोपू देत नाही.