हस्तिदंती की बदामी

कोथरूडमधील एका जुन्या सोसायटीत पहिल्या मजल्यावरची बैठकीची खोली रंगवायची होती. घरातल्या निवृत्त जोडप्याने शेडकार्डावरून दोन छटा आधीच निवडल्या होत्या: एक पिवळ्याकडे झुकणारी हस्तिदंती आणि दुसरी किंचित गुलाबी झाक असलेली बदामी. कार्डावर त्यांतला फरक जेमतेम कळत होता, त्यामुळे अर्ध्या तासाचे काम समजून मी गेले आणि चार दिवस अडकले.

पहिली चूक माझीच होती. निळ्याशेजारी पिवळसर रंग अधिकच पिवळा भासतो हे ठाऊक असूनही मी दोन्ही नमुने जुन्या आकाशी भिंतीवरच लावून घेतले. दोन्ही हळदीसारखे दिसले आणि काकूंनी दोन्ही नाकारले. मग दोन-दोन फुटांच्या प्लायच्या तुकड्यांवर प्रायमर आणि रंगाचे दोन हात देऊन, भोवती पांढरा कागद चिकटवून, हस्तिदंतीच्या मागे 'अ' आणि बदामीच्या मागे 'ब' लिहिले.

जुलै महिना होता आणि पूर्वेच्या खिडकीला टेकून गुलमोहर हिरवागार उभा होता. त्याच्या पानांतून गाळून येणाऱ्या सकाळच्या उजेडात खिडकीजवळ धरलेला 'अ' कच्च्या लिंबासारखा हिरवट दिसे, आणि तोच आतल्या भिंतीशी नेला की सायीसारखा. बदामीतली गुलाबी झाक मात्र तो हिरवेपणा मारत होती.

"हाच घ्या," काका म्हणाले.

रात्री ६५०० केल्विनच्या (हा आकडा जितका मोठा, तितका उजेड निळसर; लहान, तितका पिवळसर) पांढऱ्या ट्यूबखाली काकूंनी त्याच तुकड्याकडे बोट दाखवले. "हा राखेसारखा कुठून आणलात? सकाळचा कुठे गेला?" मागचा 'ब' दाखवूनही त्यांचा विश्वास बसेना.

पेंटरने तिसरी छटा सुचवली; मी ती सरळ फेटाळली, कारण दोष रंगाचा नव्हता. ही मंडळी त्या खोलीत बसतात ती मुख्यतः दिवेलागणीनंतर. दुसऱ्या दिवशी ३००० केल्विनचे दिवे आणले, काकांच्या वाचनाच्या खुर्चीपाशी तेवढा ४०००चा ठेवला, आणि बदामी रंग पुन्हा उबदार झाला. रंगाचा डबा त्यानंतरच उघडला.

मे महिन्यात तो गुलमोहर लाल होईल तेव्हा खिडकीजवळची भिंत कशी दिसते, ते पाहायला मी जाणार आहे. काकूंनी आत्ताच बजावून ठेवले आहे.