स्किनर चौथीच्या वर्गात मागे बसले तेव्हा

डी.एड.ला आम्ही साधक अभिसंधान, म्हणजे बक्षीस मिळालं की ती कृती पुन्हा होते हे तत्त्व, पाठ केलं ते परीक्षेपुरतं. पेटीत भुकेला उंदीर, त्याने दांडी दाबली की खाण्याची गोळी पडते, मग तो पुन्हा दाबतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर म्हणजे एवढंच, अशीच आमची समजूत. शिक्षकांनी खरं तर त्यांची दुसरी गोष्ट वाचायला हवी.

नोव्हेंबर १९५३. हार्वर्डचे हे नावाजलेले प्राध्यापक मुलीच्या शाळेत पालक म्हणून गेले आणि चौथीच्या गणिताच्या तासाला मागे बसले. मुलं कागदावर गणितं सोडवत होती. काहींची झाली होती, ती नुसती बसून. काही अडली होती आणि चुळबुळत होती. शेवटी बाईंनी कागद गोळा केले. तपासून मिळणार दुसऱ्या दिवशी. स्किनर अस्वस्थ झाले. उंदराला गोळी द्यायला काही सेकंद उशीर झाला तरी तिचा बराचसा परिणाम वाया जातो, हे त्यांना प्रयोगशाळेतून पक्कं ठाऊक होतं. इथे तर आख्खी रात्र मधे जाणार होती! बाईंचा दोष नव्हता, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलंय. वर्गभर मुलांना त्याच क्षणी 'बरोबर' म्हणायला एकटी बाई पुरणार कशी?

घरी येऊन ते यंत्र करायला बसले. १९५४ साली त्यांनी ते लोकांना दाखवलं. खिडकीतून एक गणित दिसायचं, मुलाने पट्ट्या सरकवून उत्तराचे आकडे जुळवायचे आणि मूठ फिरवायची. उत्तर बरोबर असेल तर मूठ सहज फिरे, घंटाही वाजवता येई. चुकलं तर मूठ हलतच नसे.

या यंत्रात खाऊ नाही, चांदणी नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बरोबर आलं आणि पुढचं गणित समोर आलं, हेच मुलाला पुरेसं बक्षीस आहे, असं स्किनर म्हणत. आमच्याकडे बक्षीस म्हणजे २६ जानेवारीला कंपासपेटी. ती जरूर द्यावी, पण जूनमधल्या वजाबाकीला तिचा काही उपयोग नाही.

माझी शाळा द्विशिक्षकी. तिसरी-चौथी माझ्याकडे, एकत्र. यंत्र कुठलं आणणार? जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं लिहिते, उत्तर घडीच्या आत. मूल सोडवतं, घडी उघडतं, पुढची पत्रिका घेतं. बरोबर आलं की ओठांतल्या ओठांत 'हां!' म्हणतात, ते मला चौथीकडे फळ्यावर लिहिताना पाठीमागून ऐकू येतं.

शाबासकी दर वेळी लागत नाही, हेही स्किनरनीच शोधलं, आणि तेही अडचणीपोटी. उंदरांच्या गोळ्या ते हातानेच बनवत. एका शनिवारी दुपारी साठा पुरेना, म्हणून त्यांनी मिनिटाला एकच गोळी द्यायचं ठरवलं. उंदीर थांबला नाही, एका लयीत दांडी दाबत राहिला. पुढे चार्ल्स फर्स्टर यांच्याबरोबर त्यांनी कबुतरांवर याचा प्रचंड अभ्यास केला, १९५७ साली त्याचा जाडजूड ग्रंथ निघाला. नवं शिकताना प्रत्येक पायरीला दाद हवी, हात बसला की अधूनमधून पुरते. मी वर्गात तसंच करते.

एक मात्र आहे. मूठ अडली की चुकलं एवढं कळतं, का चुकलं ते नाही. ५२ मधून २७ वजा करून ३५ लिहिणारा मुलगा आळशी नसतो. दोनातून सात जात नाहीत म्हणून त्याने सातातून दोन काढले. त्याच्या मते ते रास्तच आहे. यंत्राने बरोबर-चूक सांगण्याचं ओझं उचलावं आणि बाईंना मुलाजवळ बसायला वेळ मिळावा, असंच स्किनरनाही वाटत होतं. घडी उघडून गप्प झालेलं मूल दिसलं की मी त्याच्याजवळ काड्यांचे गठ्ठे घेऊन बसते आणि म्हणते, "पाच दशकांतला एक सोड बघू."