वहीतला तेविसावा नंबर

एप्रिल २०२१मध्ये कोरोनामुळे राज्य मंडळाची दहावीची परीक्षा रद्द झाली. बातमी आली त्या संध्याकाळी ओजस माझ्याजवळ येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “आई, परीक्षाच झाली नाही. म्हणजे आता पीएस-५ पण नाही ना?”

दहावीच्या सुरुवातीलाच आमचं ठरलं होतं की वर्ष पार पडलं की पीएस-५, म्हणजे प्लेस्टेशन ५ हे टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र घ्यायचं. त्या वर्षात पोरानं मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर भूमिती शिकली, मित्रांची तोंडं पाहिली नाहीत. मी म्हटलं, “कबूल केलं होतं ते अभ्यासाबद्दल. अभ्यास तर तू केलास.” माझी भिशी लागली होती. त्यात थोडी भर घातली की ४९,९९० रुपये होत होते. पैसे तयार होते, म्हणजे दुकानात जायचं आणि घेऊन यायचं, एवढंच काम उरलं असं मला वाटलं. प्रत्यक्षात ते खोकं घरात यायला अकरा महिने लागले.

अमेरिका-जपानमध्ये पीएस-५ नोव्हेंबर २०२०मध्येच आला होता. आपल्याकडे तो २ फेब्रुवारी २०२१ला आला, आणि त्याचं आगाऊ बुकिंग १२ जानेवारीला दुपारी बाराला उघडून काही मिनिटांत संपलं होतं. हे सगळं ओजसनंच मला सांगितलं. मग कळलं की मधूनमधून थोडा माल येतो, तेव्हा पुन्हा दुपारी बाराला बुकिंग उघडतं. मे महिन्यात ते उघडलं, तर आमचा पिनकोडच चालेना. ‘ब्रेक द चेन’चे निर्बंध होते आणि महाराष्ट्रात ऑनलाइन मागवलेल्या फक्त जीवनावश्यक वस्तूच घरी पोचवायची परवानगी होती. तेव्हा पुण्यात रोज रुग्णवाहिकांचे आवाज येत होते. त्या दिवसांत खेळण्याच्या यंत्रासाठी मन खट्टू करून घ्यायला मलाच बरं वाटेना. जूनपासून ती बंदी उठली.

मी एका पतसंस्थेत काउंटरला बसते. दुपारी बारा ही आमच्याकडे ऐन गर्दीची वेळ. त्यामुळे माझ्या वाट्याला एकच काम होतं: बँकेचा ओटीपी माझ्या मोबाइलवर यायचा, तो वाचून लगेच ओजसला सांगायचा. पत्ता, कार्ड सगळं आधीच भरून ठेवलेलं असायचं. बाराच्या ठोक्याला ओजस बटण दाबायचा, वस्तू कार्टमध्ये यायची, आणि ओटीपी येईपर्यंत ‘स्टॉक संपला’ अशी पाटी झळकायची. कार्टमध्ये दिसली म्हणजे वस्तू आपल्या नावावर राखून ठेवली, असा माझा समज होता. तसं नसतं. बहुतेक ठिकाणी पैसे पोचेपर्यंत ती कोणाचीच नसते, आणि एकाच नगावर शेकडो लोकांचा हात असतो. त्यातले काही हात तर माणसांचेही नसतात. झटपट खरेदी करणारे प्रोग्राम लावून माल उचलणारे लोक जगभर होते. ओजसच्या बोटांनी त्यांच्याशी काय म्हणून शर्यत लावायची?

ऑगस्टमध्ये एकदा ऑर्डर लागली. रीतसर संदेश आला, पैसे वळते झाले. मी संध्याकाळी पेढे आणले, देवापुढे ठेवले, वरच्या मजल्यावरच्या काकूंनाही दिले. चौथ्या दिवशी दोन ओळींचा मेल आला की माल उपलब्ध नसल्यानं ऑर्डर रद्द केली आहे. पैसे परत यायला नऊ दिवस लागले. फोन केला, मेल केले. कोणाची ऑर्डर राहिली, आमचीच का गेली, याचं उत्तर शेवटपर्यंत मिळालं नाही.

त्याच आठवड्यात जुन्या-नव्या वस्तूंच्या जाहिरातींमध्ये सीलबंद पीएस-५ दिसू लागले. कुठे ६८ हजार, कुठे ७२. एका नंबरवर मी फोन लावला. पलीकडचा मुलगा म्हणाला, “ताई, पाच नग आहेत. एक घेताय की दोन?” मी बिलाचं विचारलं, तर बिल दुसऱ्याच कोणाच्या तरी नावावर होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. पैशांचं दुःख नव्हतं. माझ्या मुलानं दोन महिने प्रामाणिकपणे बाराचा ठोका धरला होता आणि कोणाच्या तरी घरात पाच खोकी रचून ठेवलेली होती, हे मला सहन होत नव्हतं. जास्त पैसे मोजून ते खोकं घ्यायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं. ओजस चटकन हो म्हणाला, याचा मला आजही अभिमान वाटतो.

मुळात माल इतका कमी का, हे मला माझ्या धाकट्या भावानं समजावलं. तो चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात आहे. “ताई, तुझं प्लेस्टेशन आणि आमच्या गाड्या एकाच दुखण्यानं अडल्यात,” तो म्हणाला. कोरोना आला तेव्हा गाडी कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी कमी केल्या. तेवढ्यात घरून काम, घरून शाळा सुरू झाली आणि लॅपटॉप-मोबाइलवाल्यांनी ती जागा भरून टाकली. गाड्यांची मागणी परत आली तेव्हा चिप बनवणाऱ्यांकडे जागाच उरली नव्हती. एका चिपला कच्च्या चकतीपासून पूर्ण व्हायला तीनेक महिने लागतात आणि नवा कारखाना उभा करायला काही वर्षं. पीएस-५ची मुख्य चिप एएमडी या अमेरिकी कंपनीनं आखलेली आणि तैवानच्या टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीकडे बनणारी. त्या एका दारापाशी जगातल्या कितीतरी कंपन्या उभ्या होत्या. सप्टेंबर २०२१मध्ये चिपअभावी आपलं उत्पादन २० ते २५ टक्के घटेल असं महिंद्रानं जाहीर केलं, तेव्हा भावाच्या कारखान्यातही पाळ्या कमी झाल्या. हे कळल्यावर माझा राग निम्म्यानं उतरला. दुष्काळात सगळ्यांनाच कमी मिळतं. उरलेला निम्मा राग रांगेचा होता, आणि तो तसाच राहिला.

ऑक्टोबरमध्ये ओजसच्या मित्रानं लक्ष्मी रस्त्यामागच्या एका छोट्या दुकानाचा पत्ता दिला. गेमच्या डिस्क, जुन्या कंट्रोलरची दुरुस्ती, एवढाच त्यांचा व्यवसाय. तिथे माल येणार असं कळलं म्हणून आम्ही सकाळी सातलाच गेलो. तीसेक माणसं आधीच उभी होती, मास्क लावून, बंद शटरकडे बघत. कोणी मुलासाठी आलेलं, कोणी रात्रपाळी संपवून थेट. दहा वाजता दुकानदारदादांनी शटर वर केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “तीनच नग आलेत. वहीतल्या पहिल्या तिघांना देणार. बाकीच्यांनी नावं लिहा.”

थोडी आरडाओरड झाली. पहाटे पाचपासून उभा असलेला एक जण फार चिडला. दादांनी त्याला आत बोलावलं, वही उघडून दाखवली. आधीची नावं, मोबाइल नंबर, तारीख, डिस्कवालं हवं की बिनडिस्कचं, ज्यांना दिलं त्यांच्या नावावर आडवी रेघ. त्यानं पान उलटून पाहिलं, गप्प झाला आणि आपलं नाव लिहिलं. माझा नंबर आला २३. मी विचारलं, “दादा, काही रक्कम आत्ता भरू का?” ते म्हणाले, “नको ताई. माल हातात नाही तोवर पैसे कशाचे घेऊ?” दुकानाच्या काचेवर त्यांनी कागद चिकटवला होता: ‘चालू नंबर ९’.

मी रोज काउंटरच्या आतून रांग बघते. आमच्याकडे पेन्शनची रक्कम काढायला येणारे आजी-आजोबा तासभर शांत बसतात, हातात टोकन असलं की. टोकनचं यंत्र बिघडलं त्या दिवशी दहा मिनिटांत भांडणं होतात. गर्दी तेवढीच, पैसेही तेवढेच. आपल्या पुढे किती जण आहेत ते दिसत नाही, म्हणून माणूस कासावीस होतो. दुपारी बाराच्या त्या खेळात आम्हाला कधीच कळलं नाही की आम्ही पन्नासावे होतो की पन्नास हजारावे. काचेवरच्या कागदानं ते कळू लागलं. ओजस क्लासवरून येताना तिकडून सायकल घालायचा आणि दारातूनच ओरडायचा, “आई, बारा!” मग कधी चौदा, मग डिसेंबरभर पंधराच. एक महिना आकडा हलला नाही, पण घरात कोणाची चिडचिड झाली नाही. दुपारी बाराला मोबाइल घेऊन बसणं ओजसनं आपणहून सोडलं आणि तो अकरावीच्या फिजिक्सला लागला.

दादांचं आणखी एक मला आवडलं. वितरकाकडून काही वेळा जास्तीचा कंट्रोलर आणि गेम जोडूनच नग यायचा, म्हणजे बिल आठ-दहा हजारांनी वाढायचं. ते फोनवरच स्पष्ट सांगायचे, नको असेल तर पुढच्याला विचारायचे, आणि नाही म्हणणाऱ्याचा नंबर मात्र तसाच ठेवायचे. मीही एकदा नाही म्हटलं.

मार्च २०२२मध्ये, मी काउंटरला असताना फोन आला. “ताई, तेवीस नंबर ना? नुसताच आलाय, डिस्कवाला. संध्याकाळी आठपर्यंत ठेवतो.” मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. ओजस आणि मी रिक्षानं गेलो. दादांनी आमच्यासमोर सील दाखवलं, खोक्यावरचा सिरीयल नंबर बिलावर लिहिला आणि बिल माझ्या नावानं केलं. वर्षभराची वॉरंटी या बिलावरच असते. दुबईहून आणलेल्या नगांना इथे ती मिळत नाही, हेही त्यांनी ओजसला नीट समजावलं. रक्कम तीच, ४९,९९०. (त्या नोव्हेंबरात ती ५४,९९० झाली.) नुसतं यंत्रच साडेचार किलोचं, त्यामुळे खोकं चांगलंच जड होतं. ओजसनं ते कोणाला धरू दिलं नाही.

आम्ही पायरी उतरत होतो तोवर दादांनी वही पुढे ओढून माझ्या नावावर रेघ मारली, काचेवरचा कागद बदलला आणि फोन कानाला लावला. “हॅलो, चोवीस नंबर का?”