आम्हाला वाक्य नव्हतं

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या तरुण संघाचं वार्षिक संमेलन तीन दिवसांचं. पहिल्या दिवशी वचनपाठांतर, दुसऱ्या दिवशी गीतस्पर्धा, शेवटच्या संध्याकाळी नाटक. पाठांतरात माझा कधी नंबर आला नाही आणि गाताना मला मागच्या रांगेत उभं करून वर 'हळू गा' म्हणून सांगत. राहिलं नाटक. त्यातली माझी भूमिकाही ठरलेली: गर्दी.

बायबलमधला कर्मेल डोंगराचा प्रसंग दोन-तीन वर्षांनी फिरून यायचाच: ज्याच्या हाकेला अग्नीने उत्तर येईल तोच खरा देव, अशी पैज. एका बाजूला परमेश्वराचा एकटा संदेष्टा एलीया, दुसऱ्या बाजूला बआल या दुसऱ्या देवाचे 450 संदेष्टे, जे आम्ही सहा जणांत भागवत असू. 12 दगडांची वेदी पुठ्ठ्याची, पण पाणी खरं. शास्त्रात 4 घागरी 3 वेळा ओतल्या असं आहे, त्यामुळे नाटक बसवणाऱ्या बाई एकही घागर कमी करू देत नसत. तिसऱ्या फेरीला वेदी हमखास खाली बसायची.

आम्ही इस्राएल लोक. एलीया विचारतो, दोन मतांमध्ये कुठवर लटपटणार? आणि 1 राजे 18:21 मध्ये पुढे एवढंच आहे, की लोक एक शब्दही बोलले नाहीत. एका वर्षी कंटाळून मी म्हटलं, "बाई, निदान कुजबुज तरी करू द्या ना."

"अजिबात नाही," बाई म्हणाल्या. "बआल हवा म्हणालात तर निदान एक बाजू तरी झाली. तुम्हाला दोन्ही हवेत. पावसासाठी बआल, आणि वाडवडिलांचा म्हणून परमेश्वर. मग बोलणार काय?"

मग त्यांनी आणखी एक गंमत सांगितली. मूळ हिब्रूत या लटपटण्याला जे क्रियापद आहे, तेच पुढे 26व्या वचनात बआलाचे संदेष्टे वेदीभोवती नाचतात तिथे आलंय. म्हणून आम्ही नुसतं उभं राहायचं नाही. भार या पायावरून त्या पायावर टाकत राहायचं. तालमीत हसू यायचं. पुढे नोकरीत एका कागदावर खोटे आकडे घालायला सांगितले गेले, तेव्हा मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. टेबलासमोर उभा होतो, आणि भार डाव्या पायावरून उजव्यावर गेल्याचं मला स्पष्ट कळलं. हसू आलं नाही.

नाटकात मात्र पुढे अग्नी पडायचा. लाल कागदामागे दिवा लागला, की आम्ही पालथे पडून ओरडायचं, "परमेश्वर हाच देव!" एकदा ओरडून भागत नसे, शास्त्रात दोनदा आहे. तोवर 12 घागरींचं पाणी वाहत वाहत आमच्याकडेच आलेलं असायचं. ओल्या फरशीला नाक टेकलेलं, शर्ट भिजलेला, आणि विंगेतून बाईंचा दबका आवाज: "अजून एकदा. सगळ्यांनी."