ओलीने फुगलेली गिटार परत जाग्यावर आणली – माझा अनुभव

रत्नागिरीत जुलैत काय होतं ते इथल्यांना सांगायला नको, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर पण बुरशी चढते. माझी अकूस्टिक गिटार जूनपासून बॅगेत, बाहेरच्या भिंतीला टेकवलेली, परीक्षेमुळे हातच लावला नव्हता. गणपतीच्या आधी चेन उघडली तर कुबट वास, नेकच्या (गिटारच्या दांड्याच्या) मागे पांढरी बुरशी, तारा तांबूस, आणि बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या रेघा) सगळ्यात जाड तार, म्हणजे जाड ई, पट्टीने मोजली तर फ्रेटपासून 4 मिमी वर! 2.5 च्या आसपास पाहिजे. ब्रिजच्या (तारा जिथे अडकतात त्या लाकडी तुकड्याच्या) मागे हात फिरवला की पोट फुगलेलं कळत होतं. पहिल्या पगारातून घेतलेली गिटार, खरंच पोटात गोळा आला.

मी सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) घासून खाली घेणार होतो, पॉलिश पेपर आणला पण होता. आधी कॉलेजच्या सिनिअर दादाला फोन केला म्हणून वाचलो. तो म्हणाला, "घासू नकोस, लाकूड पाणी प्यायलंय. सुकलं की पोट आपोआप बसेल, आत्ता घासलंस तर डिसेंबरात तारा फ्रेटला लागून झणझणतील. आणि उन्हात बिलकुल ठेवू नकोस, गोंद सैल होऊन ब्रिज उचकटतो."

मग तारा सैल करून काढल्या, बुरशी अंगणात नाकाला रुमाल बांधून कोरड्या कपड्याने पुसली, मग किंचित ओल्याने, लगेच परत कोरड्याने. फ्रेटबोर्ड (नेकची बोटं ठेवायची बाजू) शिसवीचा आहे, पहिल्या तीन फ्रेट्सच्या कडेला काळा मेणचट थर होता, घाम आणि मळ साचून झालेला. जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने हळूहळू खरवडला तर गुंडाळ्या होऊन निघाला आणि खालून चॉकलेटी रेषा दिसायला लागल्या, ते बघून इतकं बरं वाटलं! लाकडावर मास्किंग टेप लावून फ्रेट्स चार शून्याच्या स्टील वूलने घासले (इलेक्ट्रिकवाल्यांनी पिकअप, म्हणजे तारांखालचा आवाज पकडणारा चुंबकी भाग, झाकून घ्या, लोखंडाची भुकटी चुंबकाला चिकटते). शेवटी फ्रेटबोर्डच्या लेमन ऑइलचे थोडे थेंब, पाच मिनिटांनी पुसून टाकलं. पॉलिश मारलेल्या मेपलच्या फ्रेटबोर्डला तेल लावू नका, तिथे त्याचा उपयोग नाही.

खरा वेळ गेला सुकवण्यात. छोटा ह्युमिडिटी मीटर घेतला, बॅगेत 82 टक्के! केशरी दाण्यांच्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या, बॅग कापडी म्हणून वरून मोठी प्लास्टिकची पिशवी. दाणे हिरवे झाले की वेगळ्या ठेवलेल्या जुन्या तव्यावर मंद आचेवर सुकवायचे, परत केशरी होतात. तीन आठवड्यांनी मीटर 55 वर आला. गणपतीत गिटार वाजलीच नाही, आरत्या ढोलकीवर झाल्या.

दसऱ्याला तारांचा 11 चा (सगळ्यात बारीक तार 0.011 इंच) नवा सेट चढवला, मोजलं तर 3 मिमी. पहिला आणि चौदावा फ्रेट दाबून सातव्यावरची फट बघितली, व्हिजिटिंग कार्ड अगदी सैल जात होतं, म्हणजे नेकला बाक जास्त, म्हणून ट्रस रॉड (नेकच्या आतली, हा बाक कमी-जास्त करणारी सळई) पाव फेरा घट्ट केला, त्याहून जास्त नाही, आणि रात्रभर तशीच ठेवली. सकाळी 2.6.

आता ती आतल्या भिंतीला असते, मीटर 60 च्या वर गेला की पुड्या बदलतो. डिसेंबरात परत मोजली, 2.3 भरली, एकही तार झणझणत नाही, आणि सॅडल कंपनीतून आलेलंच आहे.