कोरडी गोधडी
आज पहाटे माझ्या साडेपाच वर्षांच्या लेकाची गोधडी चाचपून पाहिली, तर ती कोरडी होती. सलग तिसरी रात्र. रात्री लघवीचे प्रमाण कमी करणारे संप्रेरक काही मुलांमध्ये पुरेसे तयार व्हायला उशीर लागतो आणि मूत्राशय भरले तरी गाढ झोप मोडत नाही, म्हणून पाच वर्षांच्या सुमारे १५ टक्के मुलांचे अंथरूण ओले होते, हे डॉक्टरांनी समजावल्यापासून आम्ही त्याच्यावर रागावणे थांबवले. (पूर्वी रागावले, त्याची खंत अजून आहे.) दिवसा भरपूर पाणी, संध्याकाळनंतर बेताचे, बद्धकोष्ठतेवर उपचार आणि झोपण्यापूर्वी शू, एवढेच बदल केले. गादीवरचे मेणकापड अजून काढलेले नाही. उठल्यावर त्याने स्वतःच चादरीवरून तळहात फिरवला आणि "आई, बघ" एवढेच म्हणाला.